सात वर्षं मोजायची कशी? ऑलिव्हिया डी हॅविलंड विरुद्ध वॉर्नर ब्रदर्स, १९४३ ते १९४५

५ मे १९४३ या दिवशी हॉलिवूडची नटी ऑलिव्हिया डी हॅविलंड हिचा वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओशी असलेला करार संपला की नाही, एवढाच प्रश्न होता. तिच्या हिशेबाने संपला, कारण करार ५ मे १९३६ ला सुरू झाला होता आणि सात वर्षं भरली होती. स्टुडिओच्या हिशेबाने २५ आठवडे बाकी होते. मधल्या काळात ती जेव्हा जेव्हा 'सस्पेन्शन'वर, म्हणजे बिनपगारी निलंबनावर होती, ते सगळे आठवडे स्टुडिओने मुदतीच्या शेपटाला जोडले होते.

या २५ आठवड्यांवरून झालेला निकाल हॉलिवूडच्या नटनट्यांच्या इतिहासात सर्वात जास्त उद्धृत होतो. तो बहुतेक वेळा 'एका धाडसी नटीने बलाढ्य स्टुडिओला नमवलं' अशा थाटात सांगितला जातो. धाडस होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्या आधी त्याच स्टुडिओशी भांडून बेटी डेव्हिस ही नटी हरली होती, आणि ती काही कमी धाडसी नव्हती. फरक पडला तो दावा केव्हा लावला, कुठे लावला आणि कोर्टाला नेमकं काय विचारलं, यामुळे. इथे तेच उलगडून पाहू.

करार चालायचा कसा

डी हॅविलंडने १४ एप्रिल १९३६ ला सही केली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पगार आठवड्याला ५०० डॉलरपासून सुरू. 'सात वर्षांचा करार' हे बोलण्यापुरतं. कागदावर तो ५२ आठवड्यांचा होता आणि पुढे तितक्याच मुदतीचे सहा 'ऑप्शन'. ऑप्शन उचलायचा की नाही हे दर खेपेला फक्त स्टुडिओ ठरवणार. नटी चालली नाही तर वर्षभरात नमस्कार करून मोकळं होता यायचं. चालली तर सात वर्षं तिला हलता येत नसे. पगार दर ऑप्शनला ठरल्याप्रमाणे वाढायचा, पण बाजारात तिचा भाव दसपट झाला तरी वाढ कागदावर लिहिली असेल तेवढीच.

यात उसनवारीची भर होती. स्टुडिओ आपला कलाकार दुसऱ्या स्टुडिओला 'लोन'वर द्यायचा, त्याच्या पगारापेक्षा जास्त रक्कम घ्यायचा आणि वरची रक्कम खिशात घालायचा. कलाकाराला मिळणार ते नेहमीचंच. डी हॅविलंडच्या बाबतीत याची एक गंमत आहे. तिला ऑस्करची पहिली दोन नामांकनं मिळाली ती दोन्ही अशा उसन्या कामांसाठी, १९३९ चं निर्माता सेल्झनिककडचं आणि १९४१ चं पॅरामाउंट स्टुडिओसाठी केलेलं. स्वतःच्या घरी, वॉर्नरमध्ये, तिच्या वाट्याला मुख्यतः एरल फ्लिनच्या शेजारी उभं राहणं आलं. दोघांचे मिळून आठ चित्रपट झाले. साहसपटात नायक तलवार चालवणार आणि नायिका सज्जातून बघणार, एवढीच कामाची वाटणी. बाहेर नाव झालं म्हणून घरी भूमिका सुधारल्या, असं घडलं नाही. मग तिने भूमिका नाकारायला सुरुवात केली.

नाकारलं की खरी यंत्रणा सुरू व्हायची. करारात दोन कलमं एकमेकांत अडकवलेली होती. पहिल्यानुसार कलाकाराने काम नाकारलं, टाळलं किंवा सांगितल्याप्रमाणे केलं नाही, तर निर्माता त्याला निलंबित करू शके, म्हणजे बिनपगारी घरी. आणि हे निलंबन किती दिवस? नाकारलेली भूमिका दुसऱ्या कुणाला देऊन तिचं काम पुरं होईपर्यंत. म्हणजे मोठ्या, रखडणाऱ्या चित्रपटातली भूमिका नाकारली तर शिक्षाही रखडणार. दुसऱ्या कलमानुसार निलंबनाचे जितके दिवस, तितकी कराराची मुदत पुढे सरकणार. शिवाय या काळात दुसऱ्या स्टुडिओचं काम करायला बंदी कायमच.

दोन्ही कलमं एकत्र वाचली की अडचण लक्षात येते. एकेक निलंबन सुटं पाहिलं तर वाजवी वाटतं: काम नाही, तर पगार नाही. पण मुदतवाढीच्या कलमामुळे नकाराची किंमत दोनदा वसूल होते, आज पगारात आणि उद्या स्वातंत्र्यात. आणि याला शेवट नाही. वाढीव २५ आठवड्यांत स्टुडिओने आणखी एक नकोशी भूमिका पुढे केली आणि तिने नाकारली, तर आणखी दहा-बारा आठवडे जोडले जाणार. त्यातही एक नाकारली, तर पुन्हा. करार संपवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मिळेल ती भूमिका निमूटपणे करणं. भूमिका नाकारायला लागलेल्या कलाकाराची सात वर्षं कधीच पुरी होत नाहीत.

हिशेब मांडून पाहू. ५२ आठवड्यांचे सात तुकडे म्हणजे ३६४ आठवडे, २,५४८ दिवस. ५ मे १९३६ ते ५ मे १९४३ हा काळ २,५५६ दिवसांचा. म्हणजे आठवड्यांनी मोजलेली 'सात वर्षं' कॅलेंडरच्या सात वर्षांपेक्षा आठ दिवसांनी आखूड भरतात. त्यात २५ आठवडे, म्हणजे १७५ दिवस मिळवले की मुदत ऑक्टोबर १९४३ च्या दुसऱ्या पंधरवड्यात जाते. वादाचा विषय झालेला काळ जेमतेम साडेपाच महिन्यांचा. तो तिने दात-ओठ खाऊन काढला असता तर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं, असं कुणी म्हणेल. पण त्या साडेपाच महिन्यांत नवीन निलंबन होणार नाही याची हमी तिच्या हातात नव्हती.

बेटी डेव्हिसचं काय चुकलं

१९३६ मध्ये, म्हणजे डी हॅविलंडने सही केली त्याच वर्षी, बेटी डेव्हिस वॉर्नरवर चिडून इंग्लंडला गेली आणि तिथल्या एका निर्मात्यासाठी काम करायला तयार झाली. वॉर्नरने लंडनच्या हायकोर्टात मनाई हुकूम मागितला. खटला तिच्या लग्नानंतरच्या आडनावाने, 'वॉर्नर ब्रदर्स विरुद्ध नेल्सन' म्हणून ओळखला जातो.

तिच्या बाजूने म्हणणं असं होतं की हा करार म्हणजे वेठबिगारी आहे. न्यायमूर्ती ब्रॅन्सन यांना ते पटलं नाही. त्यांची मांडणी अशी: कोर्ट कुणालाही 'जा आणि अभिनय कर' असा हुकूम देणार नाही, पण 'दुसऱ्याकडे अभिनय करणार नाही' असं तिने लिहून दिलेलं आहे, तेवढं पाळायला लावता येतं. ती काही उपाशी मरणार नाही, दुसरं कुठलंही काम करू शकते, तिथे एवढे पैसे मिळणार नाहीत इतकंच. करार चालू असेतो किंवा तीन वर्षं, यातलं जे कमी असेल तेवढ्या काळासाठी मनाई हुकूम निघाला. डेव्हिस परत हॉलिवूडला आली आणि वॉर्नरच्याच फाटकातून आत गेली.

तीन चुका दिसतात. मुदत चालू असताना ती बाहेर पडली, त्यामुळे करारभंग तिचा ठरला. कॅलिफोर्नियात कलाकाराच्या बाजूचा जो कायदा होता, तो इंग्लंडच्या कोर्टात तिच्या मदतीला येणारा नव्हता. आणि तिने करार अन्यायकारक आहे हा मुद्दा लढवला. स्वतः सही केलेला, भरपूर पगार देणारा करार अन्यायकारक आहे हे न्यायाधीशाला पटवणं फार कठीण, विशेषतः त्या न्यायाधीशाच्या आसपासचे लोक आठवड्याला काही पौंडांवर राबत असताना.

धूळ खात पडलेलं कलम

डी हॅविलंडचे वकील मार्टिन गँग यांनी जे कलम बाहेर काढलं ते नवीन नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या १८७२ च्या दिवाणी संहितेत मूळ तरतूद होती: वैयक्तिक सेवेचा करार नोकरावर दोन वर्षांपलीकडे बजावता येणार नाही. १९१९ मध्ये ही मर्यादा पाच वर्षं झाली. १९३१ मध्ये विशेष, असाधारण किंवा बौद्धिक स्वरूपाच्या सेवांसाठी ती सात वर्षांवर नेली गेली, आणि 'विशेष' म्हणजे कोण हे लॉस एंजेलिसमध्ये सांगायची गरज नव्हती. १९३७ मध्ये हे सगळं कामगार संहितेत कलम २८५५ म्हणून गेलं. मर्यादा 'सेवा सुरू झाल्यापासून सात वर्षं' अशी मोजायची. १९३१ ची वाढ कलाकारांच्या भल्याची नव्हती, स्टुडिओंच्याच सोयीची होती. पुढे नेमक्या त्याच सात वर्षांवरून स्टुडिओ हरला.

कलम छापलेलं होतं, सगळ्या स्टुडिओंच्या वकिलांना ठाऊक होतं, आणि तरी मुदतवाढीची पद्धत सर्रास चालू होती. कारण सोपं आहे. दावा लावायचा तर करार संपेपर्यंत थांबायचं, मग कोर्टात वर्ष-दोन वर्षं घालवायची, आणि तेवढा काळ कुठलाही स्टुडिओ दारात उभं करणार नाही. पडद्यावरून दोन वर्षं गायब झालेली नटी परत उभी राहते का, हा जुगार खेळायला कुणी तयार नव्हतं.

कोर्टाला काय विचारलं

२३ ऑगस्ट १९४३ ला लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टात दावा दाखल झाला. तारीख बघण्यासारखी आहे: सात वर्षं उलटून गेल्यानंतर साडेतीन महिन्यांनी. डेव्हिससारखं मुदत चालू असताना बाहेर पडणं झालं नाही.

दाव्याचं स्वरूप त्याहून महत्त्वाचं. तिने नुकसानभरपाई मागितली नाही. निलंबनं चुकीची होती असंही भांडली नाही. करार अमानुष आहे, वेठ आहे, हे तर नाहीच. घोषणात्मक दावा लावला: या कायद्याप्रमाणे ५ मे १९४३ नंतर मी बांधलेली आहे की नाही, एवढं सांगा. प्रश्न इतका निरुंद ठेवल्यामुळे तिची मर्जी, तिचा स्वभाव, कुठली भूमिका चांगली नि कुठली टाकाऊ, तिला पगार किती, या सगळ्या गोष्टी बाजूला पडल्या. स्टुडिओला तिची 'लाडावलेली नटी' अशी प्रतिमा उभी करून फारसा उपयोग नव्हता. उरला एका वाक्याचा अर्थ.

पहिल्या कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. वॉर्नर अपिलात गेले. ८ डिसेंबर १९४४ ला अपील कोर्टाने तो निकाल कायम केला. न्यायमूर्ती शिन यांनी लिहिलेला हा निकाल आजही वाचण्यासारखा आहे, कारण स्टुडिओचे मुद्दे पोकळ नव्हते.

पहिला मुद्दा भाषेचा होता. कायद्यात 'सात वर्षं' म्हणजे प्रत्यक्ष सेवेची सात वर्षं, असं वॉर्नरचं म्हणणं. १९३१ ला शब्दरचना बदलली, ती उगाच बदलली का? कोर्टाने उत्तर दिलं की दोन आणि पाच वर्षांची मर्यादा होती तेव्हा ती कॅलेंडरची वर्षं होती याबद्दल शंका नाही. इतका मूलभूत बदल करायचा असता तर विधिमंडळाने तो स्पष्ट शब्दांत केला असता, आडून सुचवला नसता. 'सुरू झाल्यापासून सात वर्षं' याचा साधा अर्थ भिंतीवरच्या कॅलेंडरचाच.

दुसरा मुद्दा अधिक टोकदार होता. संरक्षण तिच्यासाठी आहे ना? मग तिने ते स्वतःहून सोडून दिलं, मुदतवाढीला सही करून दिली, तर कायद्याने मधे का पडावं? इथे कोर्टाने सार्वजनिक धोरणाचा आधार घेतला. समाजाच्या हितासाठी केलेला नियम दोन माणसांनी आपसात करार करून मोडता येत नाही, हे त्याच दिवाणी संहितेतलं तत्त्व. ज्याला नोकरीची गरज आहे त्याच्याकडून सही घेणं फार सोपं असतं. सहीने सुटणारं संरक्षण दिलं, तर प्रत्येक करारात तेवढं एक वाक्य छापलं जाईल आणि कलम कोरं राहील. सात वर्षांनी माणसाला मालक बदलायची, आपली किंमत बाजारात पुन्हा तपासून घ्यायची संधी मिळावी, हाच कायद्याचा हेतू.

तिसरा मुद्दा नैतिक होता: काम नाकारून करार तिने मोडला, मग तीच कायद्याचं बोट धरून सुटणार? कोर्टाचा रोख असा की तिने करार मोडला असेल तर मालकाला इतर उपाय आहेतच. सात वर्षांच्या आत मनाई हुकूम मागता येतो, नुकसानभरपाई मागता येते. पण शिक्षा म्हणून वर्षं वाढवून घेता येत नाहीत. या मनाई हुकमालाही कॅलिफोर्नियात एक अट होती, १९१९ पासूनची: करारात वर्षाला किमान ६,००० डॉलर मेहनताना असला पाहिजे. आठवड्याला ५०० मिळवणाऱ्या नटीच्या बाबतीत ही अट केव्हाच ओलांडलेली. म्हणजे १९४१ मध्ये ती दुसरीकडे गेली असती, तर तिचाही बेटी डेव्हिस झाला असता, घरच्याच कोर्टात.

वॉर्नरने वरच्या कोर्टात जायचा प्रयत्न केला. फेब्रुवारी १९४५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सुनावणी नाकारली आणि प्रकरण मिटलं.

वाट पाहण्याची किंमत

या काळात वॉर्नरने इतर स्टुडिओंना पत्रं पाठवून तिला काम देऊ नका अशी ताकीद दिली. पहिल्या कोर्टात जिंकूनही अपील लोंबकळत असेतो कुणी हात लावायला तयार नव्हतं. वकिलाचा खर्च सुमारे १३,००० डॉलर, पदरचा. सुरुवातीच्या पगाराने मोजलं तर २६ आठवड्यांची कमाई. म्हणजे भांडण ज्या २५ आठवड्यांसाठी, जवळजवळ तितक्याच आठवड्यांचा पगार त्या भांडणात गेला. रेडिओवर थोडं काम, आणि युद्धकाळ असल्यामुळे लष्करी इस्पितळांतून जखमी सैनिकांच्या भेटी, अल्यूशियन बेटांपासून फिजीपर्यंत.

एका गोष्टीने तिला हात दिला. १९४२-४३ च्या थंडीत तिने पुरा केलेला एक चित्रपट वॉर्नरने डब्यात ठेवला होता, तो १९४६ मध्ये बाहेर काढला. त्याच वर्षी पॅरामाउंटसाठी तिने केलेलं काम पडद्यावर आलं आणि तिला प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. १९४९ च्या कामासाठी दुसरं, तेही पॅरामाउंटचंच. वॉर्नरच्या करारात असताना असं एकही मिळालं नव्हतं. पण पडद्यावर ती पडली असती तर आज हा निकाल कायद्याच्या वर्गापुरताच उरला असता.

नंतर

'या निकालाने स्टुडिओ-व्यवस्था मोडली' हे वाक्य सगळीकडे सापडतं. ते जरा जास्तच आहे. निकालाने मोडली ती मुदतवाढ. ऑप्शनचा एकतर्फीपणा, बिनपगारी निलंबन आणि उसनवारी तिघंही जागेवर राहिली, फक्त त्यांना सात वर्षांचं कुंपण पडलं. व्यवस्थेचा पाया १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हलवला, स्टुडिओंना आपली थिएटरं सोडून द्यायला लावून. थिएटर हातात नाही म्हटल्यावर दर आठवड्याला नवा चित्रपट ओतायची गरज उरली नाही, आणि पगारी नटांची फौज पोसायचीही. मग टेलिव्हिजन आलं.

तातडीचा फायदा झाला तो युद्धावरून परतलेल्या नटांना. जेम्स स्ट्युअर्ट १९३५ पासून एम.जी.एम. स्टुडिओशी बांधलेला, १९४१ ते १९४५ लष्करात. लष्करातली वर्षं वगळून मोजायची झाली तर अजून बरीच देणं निघाली असती. कॅलेंडरने मोजली तर करार तो गणवेशात असतानाच संपला होता. तो परत आला तो मोकळाच.

संगीत कंपन्यांनी मात्र पुढे यातून वाट काढली. १९८७ मध्ये कलम २८५५ ला जोड मिळाली: गायक सात वर्षांनी जाऊ शकतो, पण कबूल केलेले अल्बम दिले नसतील तर कंपनी त्यांची नुकसानभरपाई मागू शकते. २००८ मध्ये 'थर्टी सेकंड्स टू मार्स' या बँडवर ई.एम.आय.ने ३ कोटी डॉलरचा दावा लावला, तेव्हा बँडने बचावात डी हॅविलंडचाच निकाल पुढे केला.

आणि आपला कायदा

भारतातही पगारी नट होते. मालाडची बॉम्बे टॉकीज, पुण्याची प्रभात, दोन्हींकडे कलाकार महिन्याच्या पगारावर. १९३९ मध्ये कराराच्या वादातून शांता आपटे प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. कोर्टाऐवजी फाटक निवडलं याचं नवल वाटायला नको, कारण डी हॅविलंडला सापडलं तसं कलम इथे नव्हतं, आजही नाही.

योगायोग म्हणजे भारतीय करार कायदाही १८७२ चाच, आणि त्याचं कलम २७, धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल ठरवणारं, कॅलिफोर्नियाच्या संहितेसारखंच न्यूयॉर्कचे कायदेतज्ज्ञ डेव्हिड डडली फील्ड यांच्या मसुद्यावरून घेतलेलं. एकाच साच्यातले दोन कायदे. पण कॅलिफोर्नियात वर्षांची मर्यादा होती, आपल्याकडे ती आली नाही. इथे कलम २७ करार संपल्यानंतरच्या बंदीला आडवं येतं. करार चालू असतानाच्या बंदीला कोर्ट सहसा मान्यता देतं. १९६७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यातला खांब मानला जातो, आणि तो कुणा नटाचा नाही. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, आणि उरलेल्या मुदतीपुरता त्याला मनाई हुकूम लागला. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ४२ मागचा विचारही हाच: काम करायला लावता येत नसलं, तरी 'दुसरीकडे करणार नाही' हे वचन पाळायला लावता येतं. म्हणजे ब्रॅन्सन यांनी बेटी डेव्हिसला सांगितलं तेच.

त्यामुळे इथल्या कलाकाराच्या करारात वाचायची ओळ मुदतीची नसते, मुदत कशाने मोजली आहे त्याची असते. 'तीन वर्षं' लिहिलंय की 'तीन चित्रपट पूर्ण होईपर्यंत'? चित्रपट 'पूर्ण' म्हणजे चित्रीकरण, सेन्सॉर की प्रदर्शन? काम थांबलेला काळ मुदतीत धरायचा की वगळायचा, आणि थांबवलं कुणी यावर ते ठरतं का? वाढीला कमाल तारीख दिली आहे का? 'कुठल्याही परिस्थितीत अमुक तारखेनंतर नाही' हे वाक्य कॅलिफोर्नियात कायदा घालतो. मुंबईत ते करारात घालून घ्यावं लागतं, सहीच्या आधी.